होस्टिंगवाला जुनं पीएचपी काढून टाकणार म्हणतोय, आमचा जुना फोरम ठेवावा का मिटवावा?

गोदाकाठ_परभणी

राम राम मंडळी. आमचा एक जुना फोरम आहे, मराठवाड्यातल्या लोकांचा, २००६ साली सुरू झालेला. तेव्हा ऑर्कुटवर कम्युनिट्या जोरात होत्या पण गेल्या महिन्यातलं काही हुडकायचं म्हणलं तर सापडायचं नाही, म्हणून आमच्या एका सीनियरनं खिशातून डोमेन घेतलं, पीएचपीबीबी हे फोरम चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं अन् सगळ्यांना ओढून आणलं. पुढं ते परदेशात गेले, जाताना ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडं देऊन गेले, तवापासून मीच बघतोय. पगार नाही, जाहिराती नाहीत, होस्टिंगचे पैसे मीच भरतो, आणि मी प्रोग्रामर नाही, कॉलेजात इतिहास शिकवतो.

आता होस्टिंगवाल्याचे मेलावर मेल यायलेत की फोरम ज्या पीएचपी भाषेवर चालतो तिचं जुनं व्हर्जन ५.६ काढून टाकणार, नवीन व्हर्जनवर या. कंट्रोल पॅनलमधून व्हर्जन बदलून बघितलं तर अख्खी साइट पांढरी फट्ट, ना एरर ना काही, परत जुनं केलं तवा सुरू झाली. त्यात एक दुखणं आधीचंच आहे, मधी कधीतरी सर्व्हर बदलला होता, त्याच्या आधीचे सगळे धागे उघडले की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, नंतरचं सगळं नीट आहे. अन् नेमकं सोनं त्या आधीच्या धाग्यांतच आहे. किल्लारीचा धागा आहे, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, विसर्जनानं दमून गावं झोपलेली अन् चार वाजायच्या आत जमीन हलली, त्यावर औशाकडच्या, उमरग्याकडच्या लोकांनी स्वतः लिहिलंय, एकानं तर फक्त पत्र्याच्या शेडमधल्या दिवसांवर पानंच्या पानं लिहिलीत. रझाकाराच्या वक्ताला सरहद्दीपलीकडं कॅम्पात राहिलेल्या आजोबांच्या गोष्टी नातवांनी टाइप करून टाकल्यात. इतिहासाचा माणूस म्हणून सांगतो, यातलं बरंचसं कोणत्याच पुस्तकात नाही. लिहिणाऱ्यातले काही जण आता हयात नाहीत.

बाकी स्पॅम तर विचारू नका, सकाळी उठलं की आधी कर्जाच्या अन् ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती काढायच्या, मग चहा. रोज येणारी खरी माणसं बोटावर मोजण्याइतकी. घरी म्हणायलेत बंद करा एकदाचं, कोणासाठी करायलात. खरं सांगायचं तर मलाबी कधी कधी तसंच वाटतं. ठेवायचा म्हणलं तर सुरुवात कुठून करू?

देवगिरी_एक्सप्रेस

सर, आधी पांढऱ्या पानाचं सांगतो, डेटा कुठं गेलेला नाही, निवांत राहा. पीएचपी ७ आलं २०१५ च्या डिसेंबरात, त्यात डेटाबेसशी बोलायची जुनी मायएसक्यूएल फंक्शनं काढूनच टाकली. तुमचा फोरम २००६ चा म्हणजे पीएचपीबीबी २ असणार, ३.० आलं डिसेंबर २००७ ला, फूटरला बघून घ्या. ते बिचारं जुन्या फंक्शनांनी हाका मारतंय अन् पलीकडं कोणी नाही, वर एरर दाखवणं सेटिंगमध्ये बंद, म्हणून पांढरं. ५.६ चा सपोर्ट २०१८ संपता संपताच संपलाय, होस्टिंगवाल्यानं आजवर चालू दिलं हेच खूप झालं, त्याच्यावर चिडू नका.

आता ती चिन्हं. एक काम करा, बिघडलेल्या धाग्यात जिथं 'म' असायला पाहिजे तिथं नीट बघा. आधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी छोटा ए, मग चार कोपऱ्यांना मिशा फुटलेला गोल, अन् शेवटी वर्तुळातला आर. तीन चिन्हं मिळून एक अक्षर. काना असेल तर तिसऱ्या जागी पाऊणचं चिन्ह येतं, आणि दुसरी वेलांटी, उकार, मात्रा असली की मधला मिशीवाला गोल जाऊन जपानी येन येतं. असं दिसत असेल तर नशीब समजा, सगळं शाबूत आहे. सर्व्हर बदलताना ज्यानं कोणी बॅकअप इंपोर्ट केला त्यानं यूटीएफ-८ (मराठी साठवायची पद्धत) मधलं मराठी लॅटिन-१ (इंग्रजी-युरोपी अक्षरांची जुनी पद्धत) समजून परत एकदा यूटीएफ-८ केलंय, एवढंच. पण जिथं प्रश्नचिन्हांची रांगच रांग दिसते तिथलं मूळ गेलं, ते फक्त त्याच्याही आधीच्या बॅकअपातून येणार.

तिसरा एक प्रकार सापडू शकतो, अँपरसँड, हॅश, २३५० अन् पुढं इंग्रजी अर्धविराम, तोही 'म'च आहे. पानाचं एन्कोडिंग इंग्रजीचं लावलेलं असलं की ब्राउझर मराठी अक्षरं आकड्यात करून पाठवायचा. धाग्यात बघाल तर छान दिसतं पण सर्चमध्ये काही केल्या सापडत नाही, कारण डेटाबेसात शब्द नाहीच, आकडे आहेत.

दुरुस्ती करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. नेटवर सगळे सांगतात की कॉलम ब्लॉब (नुसते कच्चे बाइट) करा अन् मग टेक्स्ट करा, ते जिथं नुसतं टेबलावरचं लेबल चुकलंय तिथं चालतं, तुमच्याकडं नाही चालणार. तुमच्याकडं जुनं बिघडलेलं अन् नवं चांगलं एकाच टेबलात आहे. म्हणून सर्व्हर बदलल्याची तारीख काढा आणि फक्त तिच्या आधीच्या ओळींवर तिहेरी कन्व्हर्ट चालवा: लॅटिन-१ मध्ये, तिथून बायनरी, तिथून यूटीएफ-८-एमबी-४. हेच नव्या ओळींवर चाललं तर त्या चांगल्या मराठीची प्रश्नचिन्हं होतील अन् मग रडत बसावं लागंल. एमबी-४ च का, तर मायएसक्यूएलचं जुनं साधं यूटीएफ-८ तीन बाइटांपर्यंतच जातं, मराठीला पुरतं पण कोणी इमोजी टाकला की पोस्ट तिथंच तुटते किंवा सेव्हच होत नाही.

आणि हे सगळं लाइव्ह साइटवर नाही हां. डेटाबेसचा डंप, अटॅचमेंटचं फोल्डर, कॉन्फिगची फाइल असं सगळं उतरवून घ्या, लॅपटॉपवर झॅम्प (घरच्या संगणकावर साइट चालवायचं सॉफ्टवेअर, पीएचपी ५.६ वालं जुनं व्हर्जन) टाकून तिथं उभं करा, किल्लारीचा धागा तिथं वाचता आला की मग पुढं. बॅकअप आहे आहे म्हणणारे लई भेटतात, उघडून बघितलेले कमी. त्यानंतर पीएचपीबीबी ३.३ च्या इन्स्टॉलरमध्येच जुन्या २ वरून कन्व्हर्ट करायची सोय आहे, तीपण लॅपटॉपवरच आधी.

खड्डेमुक्त_बीड

एवढा कुटाणा कामून करायचा, व्हॉट्सॲप चॅनल काढा नायतर टेलिग्राम. फोरम कोण वाचतं आता.

नाथसागर

@खड्डेमुक्त_बीड भौ, ऑर्कुटपण असंच कायमचं वाटायचं, ३० सप्टेंबर २०१४ ला कुलूप लागलं. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात गेलं. तिथं ज्यांनी दहा-दहा वर्षं लिहिलं त्यांना फक्त एक मेल आला. सरांचा फोरम अजून उभा आहे तो त्याचा डेटा सरांच्या हातात आहे म्हणूनच.

गोदाकाठ_परभणी

देवगिरी भाऊ, तंतोतंत! मिशीवाला गोल, येन, पाऊण, सगळं जसंच्या तसं आहे. मी इतकी वर्षं समजत होतो की हे कायमचं गेलं. काही धाग्यांत मात्र खरंच नुसती प्रश्नचिन्हं आहेत, बोलीतल्या शब्दांच्या विभागात जास्त. जुन्या सीडी शोधतो, सीनियरनी एक-दोन दिल्या होत्या.

अजून एक अडचण सांगायची राहिली. डोमेन अजून सीनियरच्याच नावावर आहे अन् रिन्यूअलचा मेल त्यांच्या जुन्या कंपनीच्या आयडीवर जातो, तो आयडी आता बंद. आतापर्यंत त्यांच्या कार्डवरून आपोआप कटत होतं. ते मेसेजला उत्तर देतात पण महिन्या-दोन महिन्यांनी.

अंबाजोगाईची_ताई

सर, मी तुमच्याच फोरमवरची आहे, आयडी सांगत नाही पण ओळखाल. बंद करू नका म्हणायला आलेय.

व्हॉट्सॲपचं मला सांगू नका कोणी, मी तीन ग्रुपांत आहे. दरवर्षी आंब्या बहाराच्या वेळेला तोच प्रश्न येतो, मोसंबीला ताण दिलाय, पाणी कधी सोडायचं, आणि दरवर्षी सगळे पुन्हा पहिल्यापासून भांडतात. आपल्या फोरमवर जालन्याच्या एका काकांनी त्यांच्या बागेचं हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय, कोणत्या वर्षी थंडी लांबली, कधी पाणी सोडलं, फूल किती धरलं, गळ किती झाली. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी यायलं होतं त्या उन्हाळ्यात त्यांनी झाडं कशी जगवली अन् कोणती सोडून दिली तेपण आहे. मी ती लिंक ग्रुपात टाकते तेव्हा पोरं म्हणतात मावशी हे कुठून आणलं. लिहिणारे थोडे झालेत हे खरंय पण वाचणारे लॉगिन करत नाहीत म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

तक्रार एकच आहे, सर्च. 'ऊस' टाकला की काही येत नाही, 'तूर' टाकली तरी नाही. शेतीच्या फोरमवर ऊस अन् तूर सापडत नसंल तर काय उपयोग. आणि सर, हे सगळं एकट्यानं करायची काही गरज नाही. मी रिटायर झालेय, सकाळी स्पॅम काढायचं काम मला द्या, मला संगणकातलं फार कळत नाही पण गोळ्यांची जाहिरात ओळखता येते.

देवगिरी_एक्सप्रेस

ताई, तुमच्या सर्चचं उत्तर मजेशीर आहे. मायएसक्यूएलचं फुलटेक्स्ट सर्च जुन्या मायआयसॅम टेबलात चार अक्षरांच्या आतला शब्द धरतच नाही, नवीन इनोडीबीत तीनच्या आतला. 'ऊस' दोनच अक्षरं, अन् 'तूर' त्याच्या हिशोबानं त, उकार, र अशी तीन. म्हणून अपग्रेड करताना टेबलं इनोडीबी करा, तूर सापडंल. उसासाठी किमान लांबी दोन करावी लागते, ती सर्व्हरची सेटिंग आहे, शेअर्ड होस्टिंगवाला हात लावू देत नाही. त्याला जुगाड म्हणजे धाग्यांच्या नावात 'ऊसशेती' असा जोडशब्द घालायचा, नायतर छोटा व्हीपीएस (सगळ्या सेटिंगा आपल्या हातात असलेला भाड्याचा सर्व्हर) घ्यायचा. व्हीपीएस सरांना सुचवणार नाही मी, रात्री दोनला सर्व्हर बसला की उठवणार कोण.

स्पॅमसाठी ३.३ मध्ये चित्रातली अक्षरं ओळखायचा कॅप्चा बंद करून प्रश्न-उत्तराचा लावा, प्रश्न मराठीतच. मराठवाड्यात जिल्हे किती, एवढं पुरतं. उत्तरात आठ, ८ आणि इंग्रजी आकडा तिन्ही चालतील असं ठेवा, नायतर आपलीच माणसं बाहेर राहतात. आता हुशार बॉट आलेत, त्यांना हेपण जमतं कधी कधी, म्हणून नव्या मेंबरच्या पहिल्या दोन-तीन पोस्ट मंजुरीला थांबवा अन् ती मंजुरी ताईंकडं द्या.

डोमेनचं वाचून मात्र पोटात गोळा आला सर. विहिरीवर पाणी साऱ्या भावकीचं अन् मोटरीचं मीटर मुंबईच्या चुलत्याच्या नावावर, तसं झालंय हे. त्यांचं कार्ड एक्स्पायर झालं की संपलं. डॉट कॉम असेल तर मुदत संपल्यावर रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणारी कंपनी) देईल तेवढे दिवस, मग ३० दिवस जास्तीचे पैसे भरून सोडवायची मुदत, मग ५ दिवस अन् मग खुल्या बाजारात. जुनी डोमेनं उचलायला माणसं टपूनच असतात, दुसऱ्या दिवशी तुमच्या किल्लारीच्या लिंकवर ऑनलाइन जुगार दिसतो. पीएचपी, कॅरेक्टर सेट, सगळं नंतर. आधी हे.

कागदपत्रे_नांदेड

सरांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्यात असं माझं मत. जुनं लिखाण वाचता येणं ही एक, आणि नवीन लिहिता येणं ही दुसरी. पहिलीसाठी पीएचपी लागतच नाही. मराठी दुरुस्त झालं की लॅपटॉपवरच्या त्या कॉपीवर एचटीट्रॅक फिरवा, सगळे धागे साध्या एचटीएमएल पानांत उतरतात, ती पानं कुठल्याही स्वस्तातल्या होस्टिंगवर पडून राहतात, हॅक होण्यासारखं त्यात काही नसतं. पाहुणा म्हणून उतरवा, लॉगिन करून नको, नायतर खाजगी निरोपपण पानांत येतील. आणि पत्त्यात मागं तो एसआयडी लागतो तो आधी बंद करा, जुन्या पीएचपीबीबीत प्रत्येक भेटीला नवीन एसआयडी मिळतो अन् उतरवणाऱ्या प्रोग्रामला एकच पान हजार वेगळी पानं वाटतात, रात्रभर फिरत बसतो. एआयवाल्यांचे बॉटपण त्याच चक्रात अडकून तुमची बँडविड्थ खातात, होस्टिंगवाला म्हणतो ट्रॅफिक वाढला, अन् आपल्याला वाटतं बघा लोक परत यायलेत.

इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तुमचा पत्ता टाकून बघा. प्रश्नचिन्हं झालेल्या धाग्यांतलं काही तिथं सर्व्हर बदलायच्या आधी साठवलेलं असू शकतं, सीडी हुडकण्याआधी हे करा, फुकट आहे. बोलीच्या शब्दांचं तर नक्की बघा, निजामी कचेरीतले शब्द शेतकऱ्यांच्या तोंडात कसे राहिले यावर त्या विभागात फार चांगली चर्चा वाचल्याचं मला आठवतं.

फोटो मात्र गेले समजा. तेव्हा सगळे फोटो फुकटच्या साइटींवर टाकून इथं नुसती लिंक द्यायचे, त्यातल्या बहुतेक लिंका आता मेल्यात. ज्यांचे फोटो होते ते हयात असतील तर वैयक्तिक विचारा, लोकांच्या जुन्या हार्ड डिस्कात निघतात.

वकील_उमरगा

माझं गाव भूकंपातलं, तो धागा वाचलाय मी. कायद्याचं थोडं सांगतो. दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुरासाठी फोरम चालवणाऱ्याला आयटी कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण आहे, पण ते नियम पाळले तर. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार कोणाकडं करायची त्या माणसाचं नाव अन् संपर्क साइटवर दिसला पाहिजे, तक्रार आली की २४ तासांत पोच द्यायची. छोट्या फोरमवाल्यांना वाटतं हे फेसबुकसाठी आहे, तसं नाही. इलेक्शनच्या वक्ताला अन् जातीवरून सुरू झालं की धागा सरळ कुलूपबंद करा, उडवू नका. उडवला की दोन्हीकडचे स्क्रीनशॉट घेऊन फिरतात अन् तुमच्याकडं खरं काय लिहिलं होतं त्याचा पुरावा राहत नाही.

दुसरं, सर तुम्ही इतिहासवाले, उद्या मनात येईल की किल्लारीच्या धाग्याचं पुस्तक काढू. फोरमवर पोस्ट टाकली म्हणजे लेखन तुमचं झालं नाही. लिहिणाऱ्याचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडं असतो. उमरगा, लोहारा, औसा तालुक्यांतली घरं असतील तर वारसांकडून परवानगीच्या सह्या आणायला मी फिरेन तुमच्यासोबत, फी नको.

खड्डेमुक्त_बीड

बरं बाबा राहू द्या चालू. कॅप्चाचा प्रश्न बदलला तर मला सांगा, माझापण आयडी आहे तिथं, पासवर्ड इसरलोय. रिसेटचा मेलच येत नाही.

देवगिरी_एक्सप्रेस

@खड्डेमुक्त_बीड बघा, आला का नाही लायनीवर. सर, मेल न जाण्याचं कारणपण जुनाटपणाच असावं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या नोंदी) नसलेले मेल अडवायला सुरुवात केली. डोमेनच्या डीएनएसमध्ये दोन ओळी टाकायच्या असतात, होस्टिंगच्या पॅनलमध्ये तयार मिळतात. पण डीएनएसपण डोमेनवाल्याच्याच हातात, म्हणजे फिरून तिथंच आलो आपण.

गोदाकाठ_परभणी

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. वेबॅकवर बोलीच्या विभागातली बरीच पानं सापडली, प्रश्नचिन्हांच्या जागी खरे शब्द आहेत, कॉपी करायला बसलोय, पोरगी मदत करायलीय. ताई, तुम्हाला ओळखलं, मॉडरेटरचा हक्क आजच देतो, अन् दुसरा पूर्ण ॲडमिन म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलंय, तो आयटीत आहे. होस्टिंगचा पासवर्ड आता आमच्या दोघांकडं राहील. वकीलसाहेब, तुम्हाला वेगळा मेसेज करतो.

सीनियरना मेसेज न करता त्यांच्या भावाला गाठलं, तो वसमतला असतो. त्यानं फोन जोडून दिला. ते म्हणाले माझ्याकडून कधीही घे, रजिस्ट्रारच्या अकाउंटात आत्ता जातो, तुझं नाव टाकतो अन् मग तुझ्या अकाउंटला ट्रान्सफर करतो. माझं अकाउंट दुसऱ्या रजिस्ट्रारकडं आहे, चालेल ना तसं?

देवगिरी_एक्सप्रेस

थांबवा त्यांना, लगेच फोन करा! मालकाचं नाव आधी बदललं की डोमेनला ६० दिवस लॉक लागू शकतो, तेवढ्यात दुसऱ्या रजिस्ट्रारकडं नेता येत नाही. आधी त्यांच्याच नावावर असू द्या, अनलॉक करून ट्रान्सफरचा कोड तेवढा पाठवायला सांगा. आणि त्याच्याही आधी तिथला जुन्या कंपनीचा मेल आयडी बदलून त्यांचा चालू आयडी टाकायला लावा, नायतर कन्फर्मेशनचा मेल बंद आयडीवर जाईल. नुसता आयडी बदलला तरी काही रजिस्ट्रार लॉक लावतात, तिथं लॉक नको असा चौकोन असतो, तो टिक करूनच सेव्ह करायचं. डोमेन तुमच्या अकाउंटला आलं की मग नाव बदला.